गोचीड

गोचीड सापडत नव्हता.

सूनबाईने नवऱ्याला दारातल्या उजेडात स्टुलावर बसवलं होतं, सदरा काढून. मेंढीची लोकर फाकवून बघतात तशी दोन्ही अंगठ्यांनी त्याची कातडी ताणत ती मानेपासून खाली येत होती. खांद्यांवर खपल्या होत्या, काही जुन्या, काही कालच्या. एकेक बरगडी मोजता आली असती, पण तिला मोजायला मेंढ्या पुष्कळ होत्या.

"इथं. तुझ्या बोटाखाली. आत्ता हलला."

"इथं काही नाही हो."

"अगं सरकला. डावीकडे बघ."

ती डावीकडे बघायची. मग उजवीकडे. तो सांगेल तिकडे बघायचं आणि नाही म्हणायचं, असं दोन महिने चाललं होतं.

लोकरीच्या पोत्यावर बसलेला म्हातारा म्हणाला, "मेंढ्यांत राहायचं म्हणजे गोचीड आलाच. मी चाळीस वर्षं काढतोय अंगावरून. त्याचं एवढं काय?"

"तुमचे वरून बसायचे, बाबा. माझे आत शिरलेत."

म्हातारा तिचा सासरा. चाळीस वर्षं लोकर कातरून कंबर अशी वाकलेली की त्याला समोरच्या माणसाचे गुडघे आधी दिसत. त्याच्या डाव्या हाताचं मधलं बोट अर्धंच होतं. कातर चालू असताना बायकोने जेवायला हाक मारली आणि हा वळला. बायको जाऊन दहा वर्षं झाली, बोट त्याच्याही आधी गेलं होतं. पण घरात नियम तेव्हापासून पक्का होता : कातर चालू असली की हाक मारायची नाही, मग घराला आग का लागेना.

दुसऱ्या कुणाच्या घरात माणूस म्हणाला असता की कातडीखाली किडे वळवळतायत, तर घरच्यांनी आधी त्याच्या तोंडाकडे नीट बघितलं असतं. या घरात त्यांनी पांघरुणं उकळली. खोलीला गंधकाची धुरी दिली. कळपाला बुडवायचं औषध पातळ करून नवऱ्यालाही त्यात बसवलं. मांड्यांची सालं निघाली, तरी दोन दिवस तो म्हणाला की आता बरं वाटतंय.

आणि दोन महिन्यांत दोन गोचीड खरंच सापडले होते. एक उशीत, एक त्याच्या घोट्यावर. दोन्ही वेळा सूनबाई पोरीसारखी ओरडली होती, "सापडला हो!" आणि तळहातावर घेऊन त्याला दाखवायला धावली होती. तिथंच चुकलं. आता हजार वेळा नाही म्हटलं, तरी त्याच्याकडे दोन पुरावे होते.

"घाला सदरा," ती म्हणाली. "मालक येतील."

मालक आलेच. हा कळप त्यांचा, मेंढ्या कोंडायचं वाडगं त्यांचं, आणि वाडग्याच्या कोपऱ्यातली पत्र्याची खोलीही त्यांचीच. काम तोवर खोली, असं म्हाताऱ्याच्या वेळेपासून ठरलेलं. वाडग्याच्या मधोमध फळ्यांचं कुंपण होतं : अलीकडे लोकरीवाल्या, पलीकडे कातरलेल्या. अलीकडच्या बाजूला अजून तीनशेच्या वर होत्या आणि कातरणीच्या बारा दिवसांतले सहा संपले होते.

"तेराव्या दिवशी कळप डोंगरावर निघणार," मालक म्हणाले. "गवत माझ्यासाठी थांबत नाही. मशीनवाले विचारून गेलेत. चौघं येतात, गाडीवर इंजिन, दोन दिवसांत सहाशे. मी म्हटलं, आमची जुनी माणसं आहेत." त्यांनी एका कातरलेल्या मेंढीला कानाला धरून ओढलं. पाठीवर पाच ठिकाणी टाके, वर काळं मलम. "ही मेंढी आहे का गोधडी?"

नवरा हसला. हसताना हात तोंडावर नेला, पण उशिरा.

"आणि तुझे दात रे? मागच्या साली होते की."

"किडले, मालक."

"सगळे एकदम?"

मालक वाईट नव्हते. जाताना सूनबाईला म्हणाले, "त्याला जरा खाऊ घाल, बाई. कातरीपेक्षा हाच बारीक दिसतो." मग त्यांच्याबरोबर आलेले गडी हसले. सूनबाईही हसली, खोली त्यांची होती.

नवऱ्याला लोक भिंगरी म्हणत. तरुणपणी चांगला कातरणारा दिवसाला पन्नास मेंढ्या करतो. हा पंचावन्न करायचा. पण तेव्हा बाप होता जोडीला, आणखी दोघं होते. मग बापाची कंबर गेली, ते दोघं शहरात गेले, आणि सहाशे मेंढ्या एकट्या भिंगरीच्या गुडघ्यांवर आल्या. दोन सालांपूर्वी, सातव्या दिवशी तो उठेचना. तेव्हा पाण्याच्या टँकरवाल्याने खिशातून पुडी काढली होती. आत खडीसाखरेच्या चुऱ्यासारखं काहीतरी.

"एक खडा ओढ. आम्ही दोन-दोन दिवस स्टेअरिंगवर असतो, कशावर वाटतं तुला? आणि वहिनी, घाबरू नका, दारू नाही ही."

दारू नव्हती हे खरं. वासही नव्हता. त्या दिवशी भिंगरीने ऐंशी मेंढ्या केल्या.

आणि खरं सांगायचं तर सूनबाईला तो हंगाम आवडला होता. लग्नाला बारा वर्षं झाली, त्यात हा माणूस जेवढा बोलला नव्हता तेवढा त्या महिन्यात बोलला. खोलीला चुना लावला. दाराची बिजागरी काढून घासली. तिचे हात हातात घेऊन म्हणाला, लोकरीच्या ओशटाने तुझे हात बघ कसे राणीचे झालेत. असं कुणी बोललं की बाई विचारत नाही, हे तू बोलतोस का खडा बोलतो.

हंगाम संपला तरी खडा संपला नाही. पहिल्यांदा जेवण गेलं. मग झोप. दाढा सैल झाल्या, रात्रंदिवस एकमेकींवर घासून. दाराची बिजागरी पुन्हा निघाली, मग कंदील, मग पंप. सुटे भाग फडक्यावर ओळीने मांडलेले, आणि जोडायच्या वेळी हा दुसरं काहीतरी उघडत असायचा. नात्यातली माणसं यायची बंद झाली. आणि मग आले गोचीड.

मांड्या भाजल्या तेव्हा ती त्याला दवाखान्यात घेऊन गेली होती. नर्सबाईने मलम लावलं, नाडी धरली, डोळ्यात बॅटरी मारली आणि तिला बाजूला घेतलं.

"काय घेतो?"

"चहा," सूनबाई म्हणाली.

नर्सबाईने तिच्याकडे नुसतं बघितलं. मग म्हणाली, "किडे कातडीत नाहीत, ताई. खड्याने तसं वाटतं. आणि काळीज बघ कसं धावतंय, असं किती दिवस धावेल? बंद कर. बंद केलंस की दोन-तीन दिवस मेल्यासारखा झोपेल, मग रडेल, मग कदाचित अंगावर येईल. तेव्हा घरात एकटी राहू नकोस, सरळ इथं आण. खाट देते मी."

"त्यावर गोळी नाही का?"

"सोडवायची गोळी नाही. खाणं, झोप आणि महिनोन् महिने माणसं जवळ. एवढंच."

सूनबाईने मान डोलावली. बंद करायचं हे तिला पटलं होतं, फक्त कातरणी झाल्यावर. मेल्यासारखं झोपायला दोन-तीन दिवस कुठून आणायचे? कातरणी गेली तर खोली जाणार, खोली गेली तर पोरीची शाळा. म्हणून तिने नवऱ्याकडून पुडी काढून घेतली आणि कमरेच्या पिशवीत ठेवली. तेव्हापासून तीच द्यायची. सकाळी एक, दुपारी एक. मेंढ्यांना टाके घालायच्या सुईच्या बोथट टोकाने ती खडा फोडायची आणि म्हणायची, "एवढाच." आपण हे कमी करतोय, असं तिने स्वतःला सांगितलं होतं.

सातव्या दिवशी पंचेचाळीस झाल्या. आठव्या दिवशी बावन्न.

काम तसंच चालू होतं. भिंगरी मेंढीला बसती करायचा, तिची पाठ आपल्या गुडघ्यांना टेकवून, हनुवटी डाव्या तळहातावर उचलून. असं बसवलं की मेंढी गप्प होते; तडफडत नाही, आकाशाकडे बघत राहते. मग पोटापासून कातर. लोकर एकसंध उतरायची, अंगरखा उतरावा तशी. सूनबाई ती फळीवर पसरायची, घाणेरड्या कडा तोडायची, दोन्ही बाजू आत घ्यायची, शेपटीकडून मानेकडे गुंडाळत न्यायची आणि मानेच्याच लोकरीला पीळ देऊन बांधायची. दिवसभर. संध्याकाळी जेवताना तिचे हात ताटातला घासही दोन्हीकडून आत घेत.

नवव्या दिवशी भिंगरीने कातरणं सोडून शोधणं सुरू केलं. प्रत्येक मेंढीच्या कानामागे, काखेत, जांघेत. नखावर नख दाबून काहीतरी मारायचा. नखात काही नसायचं. दुपारपर्यंत आठ मेंढ्या झाल्या.

"अरे, मेंढ्या कातर," म्हातारा म्हणाला. "गोचीड औषधाने मरतात."

भिंगरीने मान वर केली. डोळ्यांच्या बाहुल्या एवढ्या मोठ्या की डोळे नुसते काळे.

"तुम्ही आणता ते. तुमच्या पांघरुणात. मला माहीत आहे, बाबा."

म्हाताऱ्याने त्या दिवशी आपलं पांघरूण उचललं आणि पोत्यांच्या शेडमध्ये नेऊन ठेवलं. वाकलेला माणूस निघून जाताना तसाही अपमान झाल्यासारखाच दिसतो.

शेपटीच्या शाळेला सुट्टी होती. शेपटी म्हणजे यांची पोरगी, नऊ वर्षांची. एक तर आईच्या मागे मागे असायची म्हणून, आणि दुसरं म्हणजे तिची वेणी पार गुडघ्यापर्यंत. घरात सगळं कातरलं जायचं, तेवढे एक केस सोडून. दर रविवारी सूनबाई ते धुवायची आणि म्हातारा लांबून म्हणायचा, "चांगला माल आहे. विकू नकोस हं कुणाला."

दहाव्या दिवशी सकाळी पोरगी दारात बसून डोकं खाजवत होती.

"खाजवू नकोस," सूनबाई हळूच म्हणाली. "बाबांसमोर तर नाहीच."

"खाज येते पण."

"येऊ दे. हात खाली."

एकशे शहाऐंशी राहिल्या होत्या. कालचा दिवस वाया गेला होता. सूनबाईने पुडी उघडली, सुई टेकवली, आणि खडा फोडलाच नाही. अख्खा दिला.

नवऱ्याने तिच्याकडे बघितलं. "एवढा?"

"आज साठ करा," ती म्हणाली.

त्याने केल्या. सूर्य डोक्यावर यायच्या आत सेहेचाळीस, भराभर, एका मागून एक, एवढ्या घाईत की ही गुंडाळेपर्यंत तिकडे दुसरी लोकर पडलेली. टाकेही कमी लागले. सूनबाईला वाटलं, निभलं. काळं मलम संपत आलं होतं, म्हणून ती मालकांच्या घरी मलम आणायला गेली. जाऊन यायला अर्धा तास. मालकीणबाईंनी तिला पाणी दिलं, ती उभ्या उभ्या प्यायली.

परत आली तेव्हा वाडगं शांत होतं. म्हातारा कुंपणाला धरून उभा होता, अर्धं बोट ओठांवर.

भिंगरीने शेपटीला बसती केली होती. तिची पाठ त्याच्या गुडघ्यांना टेकलेली, हनुवटी त्याच्या डाव्या तळहातावर. पोरगी आकाशाकडे बघत होती. उजव्या हातातली कातर तिच्या कानामागे होती, आणि चालू होती.

सूनबाईच्या तोंडात हाक आली आणि तिथंच राहिली. आग लागली तरी हाक मारायची नाही.

ती चालत गेली, नेहमी जाते तशी, नेहमीच्या वेगाने. नेहमीच्या जागी, फळीशी, गुडघे टेकून बसली. मलमाचा डबा बाजूला ठेवला. कातरीचं पातं कानाला वळसा घालून मानेकडे आलं. नवरा जिभेने टाळूवर टकटक आवाज करत होता. मेंढी घाबरलेली असली की तो तसा करतो.

"आई," शेपटी ओठ न हलवता म्हणाली, "झालं का?"

"होतंय," सूनबाई म्हणाली. "हलू नकोस."

"मी नाही हलत."

"शहाणी माझी."

उजवी बाजू झाली. त्याने पोरीचं डोकं अलगद फिरवलं. बारा वर्षांत त्याने हजारो मेंढ्या कातरल्या असतील, पण इतकी हळुवार कातर सूनबाईने पाहिली नव्हती. कपाळावरची शेवटची बट उतरली. तिची उजवी बाजू, डावी बाजू, माथा, सगळं पांढरं. एक ओरखडा नव्हता.

"बघ," तो म्हणाला. त्याच्या गालांवरून घाम वाहत होता. "एकही टाका नाही. तिच्यात शिरले होते ते. मी वेळेवर बघितलं म्हणून."

मग त्याने पोरीच्या पाठीवर थाप मारली, कुंपणाची फळी सरकवली आणि तिला कातरलेल्यांच्या बाजूला सोडलं. शेपटी गेली. मेंढ्यांच्या मधोमध जाऊन उभी राहिली, कारण तिला दुसरं काही सांगितलं नव्हतं. मेंढ्यांनीही तिला जागा करून दिली.

सूनबाईने खाली बघितलं. तिच्या हातांनी फळीवर केस पसरले होते, दोन्ही बाजू आत घेतल्या होत्या, अर्धे गुंडाळून झाले होते. वेणीची रिबीन तोडलेल्या कडांबरोबर बाजूला काढलेली.

तिने हात थांबवले. ते लगेच थांबेनात.

मग ती उठली. नवऱ्याच्या हातातून कातर घेतली. त्याने सहज दिली. त्याला वाटलं धार लावायला घेतेय. तिने कातर म्हाताऱ्याकडे दिली, आणि म्हाताऱ्याने ती आपल्या कमरेला खोचली, वीस वर्षांपूर्वी खोचायचा तशी. कळप बुडवायच्या हौदाशी जाऊन तिने कमरेच्या पिशवीतली पुडी औषधाच्या पाण्यात उपडी केली. काही झालं नाही. खडे विरघळायला जेवढा वेळ लागतो तेवढा लागला.

"पुढची आण," भिंगरी म्हणाला. "अजून चौदा व्हायच्यात."

"झालं आता. बसा."

"झालं?"

"झालं."

तो फळीवर बसला. हात मात्र कातरत राहिले, हवेत, थोडा वेळ.

मालकांकडे ती दुसऱ्यांदा गेली तेव्हा शेपटी बरोबर होती, डोक्यावर आजोबांचं उपरणं गुंडाळून. "एकशे चाळीस राहिल्या," सूनबाईने सांगितलं. "मशीनवाल्यांना बोलवा."

"अगं, अजून दोन दिवस आहेत. होईल की."

"होईल. पण नाही करायचं."

मालकांनी पोरीकडे बघितलं, तिच्या कपाळाच्या पांढऱ्या कडेकडे. विचारणार होते, मग नाही विचारलं. "खोलीचं मग..."

"कळतंय, मालक. दोन दिवस द्या. झोपेतल्या माणसाला उचलता येत नाही, म्हणून."

"तुलाच बारा वर्षं झाली इथं," मालक म्हणाले. मालकीणबाईंनी पुन्हा पाणी आणून दिलं. या वेळी सूनबाई ओट्यावर टेकली आणि बसून प्यायली.

भिंगरी त्या संध्याकाळी पडला तो पडलाच. तोंड उघडं, हात पाय चारी दिशांना. अकराव्या दिवशी मशीनवाले आले. इंजिनाचा आवाज पत्र्यावर आदळत राहिला, हा कूस बदलेना. म्हातारा दारात बसून मशीनकडे बघत होता. "वेगात आहे," एवढंच म्हणाला. थोड्या वेळाने म्हणाला, "दुधाच्या गाडीवाल्याशी बोललोय. उद्या दवाखान्यापर्यंत सोडतो म्हणाला. सामान नंतर नेऊ. आहे काय सामान? अर्धं तर त्याने उघडून ठेवलंय."

"मामंजी, तुम्ही पांघरूण आत आणा."

"आणतो."

सूनबाईने शेपटीला त्याच स्टुलावर बसवलं, दारातल्या उजेडात. ओल्या फडक्याने डोकं पुसायला घेतलं.

"थंडी वाजते गं," पोरगी म्हणाली. "आई, मेंढ्यांना पण अशी वाजत असेल?"

"वाजत असेल."

"त्या सांगत नाहीत."

"नाही सांगत."

पुसता पुसता तिचं बोट डाव्या कानामागे अडलं. तिने कान पुढे दुमडला. कातडीला चिकटलेला, मसुराएवढा, करडा. पाय हलत होते.

सूनबाई बघत राहिली.

"काय झालं?" शेपटीने विचारलं. "काय आहे?"

"काही नाही. लोकर चिकटलीय."

तिने नखाने अलगद उपटला, मूठ मिटली, हौदामागे जाऊन दगडावर दगड ठेवला. काळपट ठिपका पडला. त्यावर माती ओढली, हात धुतले, पुन्हा धुतले. येऊन पोरीच्या कानामागे मलम लावलं.

बाराव्या दिवशी सकाळी, दुधाची गाडी दारात उभी असताना, भिंगरीने डोळे उघडले. म्हाताऱ्याने आणि गाडीवाल्याने त्याला दोन्ही काखांत धरून उठतं केलं होतं. त्याने खोली बघितली. कातरलेली पोर बघितली. बराच वेळ बघितली. मग त्याचा चेहरा हळूहळू आक्रसत गेला आणि त्याने तो बायकोकडे फिरवला.

"सापडला का?" त्याने विचारलं. "निदान एक तरी? तिच्यात?"

म्हातारा थांबला. गाडीवाल्याला काही कळलं नाही, तोही थांबला.

"नाही," सूनबाई म्हणाली.

"नीट बघितलंस?"

"नीट बघितलं. एकही नव्हता." तिने त्याच्या सदऱ्याची बटणं लावली, खालून वर, एकेक करून. "चला. नर्सबाईने खाट ठेवलीय."